कॅम्पिंगला फोनचा हॉटस्पॉट: फोन रेंजमध्ये, माणसं सावलीत

प्रश्न असा आहे: तीन-चार दिवस तंबूत मुक्काम. एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर एक लॅपटॉप आणि आणखी दोन फोन चालवायचे. रोज तासाभराची एक व्हिडिओ मीटिंग. त्या भागात रेंज एक-दोन काड्यांचीच. जमेल का, की वेगळं डोंगल घ्यावं?

जमेल. मात्र काड्या मोजायची सवय आधी सोडा. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. एकाच दगडावर शेजारी ठेवलेल्या दोन फोनांपैकी एकावर दोन काड्या दिसतात, दुसऱ्यावर चार, आणि प्रत्यक्षात दोघांना मिळणारा सिग्नल जवळपास सारखा असतो. शिवाय काड्या फक्त टॉवरचा आवाज किती मोठा येतोय तेवढंच सांगतात. त्या टॉवरवर गर्दी किती आहे, किंवा तुमच्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचतोय का, हे त्यांतून कळत नाही.

रानात हॉटस्पॉटचा सगळ्यात मोठा उपयोग हा की फोन हातात धरून बसावं लागत नाही. रेंज आहे तिथे फोन टांगायचा आणि पंधरा-वीस पावलांवर सावलीत बसून वायफायने काम करायचं. बहुतेक लोक फोन खिशात किंवा तंबूत उशाशी ठेवून हॉटस्पॉट लावतात, म्हणजे हा एकमेव खरा फायदाच घालवतात. पुढचं बरंचसं उत्तर फोन ठेवायचा कुठे आणि तिथे तो दिवसभर जिवंत कसा ठेवायचा, याबद्दल आहे.

निघायच्या आधी

तुमच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉट चालतो का आणि त्याला वेगळी मर्यादा आहे का ते बघा. फोनवरचा डेटा भरपूर पण हॉटस्पॉटचा कोटा वेगळा आणि तुटपुंजा, असे प्लॅन पुष्कळ असतात. कोटा संपल्यावर वेग ६४ किंवा १२८ केबीपीएसवर आणला जात असेल, तर मजकुराचे मेसेज जातील, मीटिंगचं नाव काढू नका.

मग घरचं वायफाय पूर्ण बंद करून, फोनच्या मोबाइल डेटावर हॉटस्पॉट लावून, लॅपटॉप जोडून अर्धा तास खरं काम करून बघा. पासवर्ड, ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी), मीटिंगचं ॲप, सगळं. जे घरी अडतं ते रानात दुप्पट अडतं, आणि तिथे उपाय शोधायला नेट नसतं. याच वेळी फोनमध्ये व्होएलटीई, म्हणजे ४जी वरूनच कॉल करायची सोय, चालू आहे ना ते तपासा. ते बंद असेल तर फोन आला की हँडसेट जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि कॉल संपेपर्यंत हॉटस्पॉटचं नेट थांबतं किंवा रांगतं.

नकाशे ऑफलाइन उतरवा, लागणाऱ्या फायली लॅपटॉपवर घ्या, लॅपटॉपचे आणि तिन्ही फोनचे अपडेट घरीच उरका. जीपीएसला डेटा लागत नाही, नकाशाचं चित्र उतरवायला लागतो, एवढं लक्षात असलं की निम्मं नेट वाचतं. बरोबरच्यांपैकी एकाकडे तरी दुसऱ्या कंपनीचं सिम असू द्या. निर्मनुष्य भागात कुठल्या कंपनीचा टॉवर टेकडीच्या अलीकडे आहे आणि कुठल्या कंपनीचा पलीकडे, यावर सगळा खेळ ठरतो. कंपन्यांचे कव्हरेजचे नकाशे गणिती अंदाजावर काढलेले असतात. दरी-खोऱ्यात त्यांच्यावर फार विसंबू नये.

रेंज शोधणं: आकडा बघून

काड्यांऐवजी आरएसआरपी नावाचा आकडा बघायचा. टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत किती जोरात पोचतो, ते हा सांगतो. तो डीबीएममध्ये (सिग्नलची शक्ती मोजायचं एकक) असतो आणि उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८० किंवा त्याहून चांगला म्हणजे उत्तम. उणे ९० ते १०० म्हणजे काम भागेल. उणे १०० ते ११० मध्ये मीटिंग रडतखडत होईल. उणे ११५ च्या पुढे मेसेजही अडखळतात. दहा डीबीचा फरक म्हणजे सिग्नलच्या शक्तीत दहापट फरक, तेव्हा उणे १०५ ची जागा सोडून उणे ९५ ची जागा मिळाली तर ती किरकोळ सुधारणा समजू नका.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या भागात सिम स्टेटस उघडलं की सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये दिसते. बऱ्याच फोनांवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकूनही माहितीचं पान उघडतं. काही कंपन्या हा कोड बंद ठेवतात. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून फील्ड टेस्ट उघडते, त्यात एलटीईच्या (४जीच्या) भागात आरएसआरपी सापडतो. अँड्रॉइडवर सेलमॅपर किंवा नेटवर्क सेल इन्फो यांसारखं एखादं ॲप घरूनच टाकून न्या. त्यात बँड, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर आहे, तोही दिसतो.

दुसरा आकडा एसआयएनआर. गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्पष्ट आहे, ते हा सांगतो. २० च्या वर छान, १० च्या आसपास ठीक, शून्याच्या खाली गेला तर आरएसआरपी कितीही चांगला असो, वेग मिळत नाही. उंच माथ्यावर हे हमखास होतं. तिथून एकदम चार-पाच टॉवर दिसतात, सगळे एकमेकांत मिसळतात, काड्या भरून येतात आणि नेट चालत नाही. अशा वेळी माथ्यावरून थोडं खाली, एकाच टॉवरच्या बाजूच्या उतारावर आलात तर काडी एखादी कमी होते आणि नेट पळायला लागतं.

जागा शोधताना फोन आधी फक्त ४जी वर ठेवा. कमकुवत जागी फोन ५जी आणि ४जी यांच्यात ये-जा करत राहतो, दर वेळी जोडणी क्षणभर तुटते आणि बॅटरीही खातो. मग तंबूच्या आसपासच्या पाच-सहा जागा निवडा: उंचवटा, मोकळवनाची कड, झाडीतली फट, टॉवरची दिशा माहीत असेल तर त्या बाजूचा उतार. प्रत्येक जागी एअरप्लेन मोड दहा सेकंद लावून काढा. फोन एकदा लांबच्या टॉवरला चिकटला की जवळचा सापडला तरी लगेच सोडत नाही, म्हणून ही उठाठेव. मग अर्धा मिनिट थांबून आकडा वाचा, हळूहळू स्वतःभोवती फिरा. आपलं अंग पाण्याने भरलेलं असतं आणि सिग्नल अडवतं. पाठ टॉवरकडे असली तर काही डीबी तिथेच जातात.

चांगली जागा सापडली की तिथल्या तिथे फूट-दीड फूट इकडेतिकडे सरकवून बघा. सिग्नल डोंगर, खडक, झाडं यांवरून परतून येतो आणि वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लाटा कुठे एकमेकींत भर घालतात, कुठे एकमेकींना मारतात. ८०० मेगाहर्ट्झची लाट साधारण ३७ सेंटीमीटरची, १८०० ची सतरा सेंटीमीटरच्या आसपास. एवढ्याशा सरकण्याने आकडा पाच-दहा डीबीने बदलतो तो यामुळे.

बँडकडेही एक नजर टाका. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे बँड, म्हणजे २८, २०, ५, ८ हे आकडे, झाडीतून आणि टेकडीच्या कडेवरून वळून लांब पोचतात, पण त्यांची रुंदी कमी असल्याने वेग बेताचा. ३, १, ४०, ७ हे वरचे बँड वेगवान, पण पानांत अडकतात, ओल्या पानांत तर फारच. पाऊस पडून गेल्यावर कालची चांगली जागा आज बिघडली, तर त्यामागे बहुधा हेच असतं.

फोन टांगायचा कसा

फांदीवरून पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी टाकून फोन दोन-तीन मीटर उंच चढवला की पुरतं. त्याहून वर नेण्याचा सोस करू नका. सपाट प्रदेशात ३० मीटर उंच टॉवर आणि दीड मीटरवरचा फोन यांच्यातली रेडिओ-क्षितिजाची मर्यादा सुमारे २८ किलोमीटर येते, आणि फोन तीन मीटरवर नेला तर ती जेमतेम दोन किलोमीटरने वाढते. उंचीचा फायदा क्षितिजामुळे नाही, झुडपं, तंबू, गाडी आणि माणसं वाटेतून बाजूला होतात म्हणून मिळतो. तेवढं काम दोन-तीन मीटरमध्ये होतं.

पिशवी जाळीची किंवा पातळ कापडाची घ्या. प्लॅस्टिक सिग्नल अडवत नाही, पण झिपची पिशवी घट्ट बंद केली की उष्णता आत कोंडते. पाऊस नसेल तर तोंड उघडं ठेवा. धातूचं कव्हर, गाडीच्या होल्डरसाठी चिकटवलेली लोखंडी चकती, चंदेरी अस्तराची थंड पिशवी हे सगळं काढून टाका. दोरीचं दुसरं टोक खोडाला पक्कं बांधा, नुसतं फांदीवर अडकवून ठेवू नका. विजा चमकायला लागल्या की फोन खाली घ्या आणि झाडाखालून निघा.

फोन उन्हात येणार नाही हे सकाळी नाही, दुपारच्या सावलीचा अंदाज घेऊन ठरवा. हॉटस्पॉट, चार्जिंग आणि ऊन तिन्ही एकत्र आले की फोन तापतो. आधी चार्जिंग थांबवतो, मग वेग उतरवतो, मग हॉटस्पॉट बंद करतो. आयफोन वापरायला ० ते ३५ अंश सेल्सिअस हवा ठीक, असं ॲपल सांगते; अँड्रॉइडलाही हाच अंदाज धरायला हरकत नाही. उन्हातल्या डॅशबोर्डवर हा आकडा केव्हाच ओलांडलेला असतो, तिथे फोन ठेवणं नकोच. गाडीच्या पत्र्यामुळे आत सिग्नलही कमी येतो. गाडीच वापरायची असेल तर सावलीत उभी करून, फोन टॉवरच्या बाजूच्या खिडकीला, काच खाली घेऊन.

सिग्नल वाढवणारे स्टिकर काहीही करत नाहीत. पातेल्यात किंवा परातीत फोन ठेवायची युक्ती क्वचित दोन-चार डीबी देते, बऱ्याचदा उलटं करते. रिकामा वेळ असेल तर करून बघा. वीज लागणारे बूस्टर मात्र अनेक देशांत परवानगीशिवाय बेकायदा आहेत, कारण चुकीचा बसवलेला बूस्टर टॉवरवरच्या सगळ्यांचं नेट बिघडवतो.

मीटिंगमध्ये तुमचंच चित्र का गोठतं

टॉवर वीस-चाळीस वॅटच्या शक्तीने बोलतो. फोनची कमाल शक्ती बहुतेक बँडवर २३ डीबीएम, म्हणजे ०.२ वॅट. त्यामुळे कमकुवत जागी टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला येत नाही. डाउनलोड १० एमबीपीएस आणि अपलोड ०.३, असा निकाल दिसला तर आश्चर्य नको. मीटिंगमध्ये समोरचे सगळे स्वच्छ दिसतात आणि तुम्ही मात्र अर्धं तोंड उघडून थिजलेले असता. जागेची निवड नेहमी अपलोड बघून करा. व्हिडिओला स्थिर १ एमबीपीएस अपलोड आणि १५० मिलिसेकंदांच्या आत पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) मिळाला की बास. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएससुद्धा चालतात.

वेगाची चाचणी मात्र दर पाच मिनिटांनी करू नका. ५० एमबीपीएस वेग असताना दहा सेकंदांची डाउनलोड चाचणीच ६० एमबीपेक्षा जास्त डेटा घेते, अपलोड वेगळा. जागा ठरवताना आरएसआरपी आणि एसआयएनआर बघा, शेवटच्या दोन जागांवर एकेक चाचणी करा.

मीटिंगच्या वेळी बाकीची उपकरणं हॉटस्पॉटवरून काढा, नुसतं 'कुणी काही बघू नका' म्हणून भागत नाही. समजा एका फोनने दहा फोटोंचा बॅकअप सुरू केला, प्रत्येकी ४ एमबी. १ एमबीपीएस अपलोडवर ते ४० एमबी चढायला पाच मिनिटांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ तुमच्या आवाजाची पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) त्या फोटोंच्या मागे रांगेत उभी असतात. पिंग शंभरावरून हजार-दोन हजारांवर जातो. कुणाचं पाकीट आधी सोडायचं हे ठरवायची सोय फोनच्या हॉटस्पॉटमध्ये सहसा नसते.

वायफायची बाजू

२.४ गिगाहर्ट्झ लावा. झाडीत, तंबूच्या ओल्या कापडातून तेच पुढे जातं, आणि रानात शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दीही नसते. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो किंवा कंपॅटिबिलिटी वाढवण्याचा पर्याय असतो. आयफोन १२ पासून पुढे 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू केलं की हॉटस्पॉट २.४ वर येतो. मोकळ्यावर २०-३० मीटर, झाडीत १०-१५ मीटर एवढाच पल्ला धरा.

फोन आणि लॅपटॉप एकाच टेबलावर असतील तर वायफाय कशाला? यूएसबीची केबल जोडा आणि यूएसबी टेदरिंग लावा. बॅटरी कमी जाते, पिंग स्थिर राहतो, फोन चार्जही होतो. अर्थात ती वीज लॅपटॉपची. केबल डेटा नेणारी हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने पर्याय उमटतच नाही. विंडोजवर आयफोनसाठी ॲपलचं सॉफ्टवेअर आधी टाकलेलं असावं लागतं, आणि मॅकवर अँड्रॉइडचं यूएसबी टेदरिंग बऱ्याचदा ओळखलं जात नाही, म्हणून हेही घरीच तपासा. ब्लूटूथ टेदरिंग एक-दोन एमबीपीएसच्या वर जात नाही, पण वीज सर्वांत कमी घेतं. रात्री मेलपुरतं नेट हवं असेल तर तेच योग्य.

नाव आणि पासवर्ड: नाव साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवा. आयफोन मालकाच्या नावावरून हॉटस्पॉटला नाव देतो आणि त्यातल्या वळणदार अपॉस्ट्रॉफीमुळे काही जुनी उपकरणं जोडली जात नाहीत. पासवर्ड बारा अक्षरांचा तरी असू द्या. बाजूला दुसरे तंबू असतील तर तुमचं नेट फुकटात जायला नको. सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ ठेवला तर जुना लॅपटॉप अडतो, डब्ल्यूपीए२ आणि ३ मिळून असलेला पर्याय घ्या.

वीज

५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-तास ऊर्जा असते. स्क्रीन बंद ठेवून चांगल्या रेंजमध्ये हॉटस्पॉट दीड-दोन वॅट घेतो, कमकुवत रेंजमध्ये आणि सतत कामात तीन वॅट किंवा जास्त, कारण फोन पूर्ण ताकदीने ओरडत असतो. म्हणजे एका चार्जिंगवर सहा ते बारा तास. चांगली जागा शोधण्यात घालवलेला अर्धा तास वीज वाचवण्याच्या हिशोबातही वसूल होतो.

१०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-तास. व्होल्टेज बदलण्यात जाते ती वजा करून तीसच्या आसपास हाती येतात. रोज पाच तास हॉटस्पॉट, चार दिवस, अडीच वॅटने ५० वॅट-तास. फोनच्या बॅटरीतले १९ आणि अशा एका बँकेतले तीस मिळून हे कसंबसं भागतं. म्हणून २०,००० ची घ्या. ती ७४ वॅट-तासांची असते, आणि १०० वॅट-तासांच्या आत असल्याने विमानातही हातातल्या सामानात चालते.

खरा खादाड लॅपटॉप. साध्या कामालाही तो दहा-पंधरा वॅट घेतो, म्हणजे हॉटस्पॉटच्या पाचपट. तुमच्या जागी मी असतो तर मीटिंग लॅपटॉपवर घेतलीच नसती; दुसऱ्या फोनवर घ्या आणि लॅपटॉप फक्त लिहायला उघडा. लॅपटॉप चार्ज करायचाच असेल तर बँकेला ४५ किंवा ६५ वॅटचं पीडी (यूएसबीवरून जास्त वीज देणारं) आउटपुट लागतं, नाहीतर केबल बसते पण चार्जिंग होत नाही किंवा इतकं हळू होतं की आकडा घसरतच राहतो.

टांगलेल्या पिशवीत बँक फोनला चिकटवून ठेवू नका, दोघं एकमेकांना तापवतात. मध्ये जाड पुठ्ठा घाला किंवा बँक खाली ठेवून लांब केबल वर न्या. फास्ट चार्जिंग बंद ठेवा, ५ वॅटचं साधं चार्जिंग हॉटस्पॉटला पुरून उरतं आणि फोन गार राहतो. काही बँका फोन पूर्ण भरला की बंद पडतात आणि मग आपोआप सुरू होत नाहीत. संध्याकाळी फोन मेलेला सापडतो तो यामुळे. दुपारी एकदा बटण दाबून या.

सोलर पॅनलवर लिहिलेले २० वॅट चांगल्या उन्हातही बारा-चौदाच मिळतात, आणि एका फांदीची सावली पडली की जवळजवळ काहीच नाही. पॅनलवरून बँक भरा, फोन नको. ढग आला की चार्जिंग तुटतं-जुळतं आणि फोनला ते मानवत नाही. पॅनल उन्हात, बँक त्याच्याच सावलीत. उलट कडाक्याच्या थंडीत शून्याखाली गेलेली बॅटरी तशीच चार्ज करू नका, आधी अंगाच्या उबेत आणा.

डेटा कुठे जातो

व्हिडिओ मीटिंग साध्या दर्जाची, दोन्हीकडून ६०० केबीपीएस धरली तर तासाला ५४० एमबी. नुसत्या आवाजाची ७० एमबीच्या आसपास. सिनेमा साध्या दर्जात तासाला ७०० एमबी ते १ जीबी, एचडीमध्ये ३ जीबीपर्यंत, ४केमध्ये ७. हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. न दिसणारा डेटा लॅपटॉप खातो. त्याला वाटतं वायफाय मिळालं म्हणजे घरी आलो, आणि तो कित्येक जीबीचे अपडेट, क्लाउडची जुळणी, फोटोंचा बॅकअप एकदम सुरू करतो. विंडोजमध्ये त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मॅकवर आणि आयफोनवर 'लो डेटा मोड'. वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, गुगल फोटोज हाताने थांबवा. हॉटस्पॉट देणाऱ्या अँड्रॉइड फोनवर मात्र डेटा सेव्हर लावू नका. तो लावला की हॉटस्पॉटच चालू होत नाही, आणि लोक तासभर कारण शोधत बसतात.

बिघाड

जोडलं गेलं पण नेट नाही, ही नेहमीची तक्रार. आधी हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवरच एखादं पान उघडा. तिथेही उघडत नसेल तर दोष टॉवरच्या बाजूला: एअरप्लेन मोड, जागा, सिम. फोनवर उघडतं आणि लॅपटॉपवर नाही, तर प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला परवानगी नसणं, हॉटस्पॉटचा कोटा संपणं, एपीएनची (फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारी) सेटिंग, किंवा लॅपटॉपवरचा व्हीपीएन, या क्रमाने बघा. फोनवर व्हीपीएन लावला म्हणजे जोडलेला लॅपटॉपही त्यातून जातो असं सहसा होत नाही. ऑफिसचा व्हीपीएन लॅपटॉपवरच लागेल.

हॉटस्पॉट आपोआप बंद होतो? अँड्रॉइडवर कुणी जोडलेलं नसेल तर काही मिनिटांत तो बंद करण्याचा पर्याय असतो. फोन झाडावर टांगायच्या आधी तो काढा, नाहीतर दर वेळी दोरी खाली घ्यावी लागेल. बॅटरी सेव्हरही बंद. आयफोनवर पर्सनल हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवा आणि दुसरं उपकरण जोडलं गेल्यावरच स्क्रीन बंद करा.

दोन सिमांच्या फोनमध्ये डेटा एका सिमवर आणि कॉल दुसऱ्या सिमवर आला की बऱ्याच फोनांत कॉल संपेपर्यंत डेटा थांबतो. टांगलेल्या फोनमध्ये डेटाचंच एक सिम चालू ठेवा.

सकाळी पळणारं नेट संध्याकाळी बसलं आणि आरएसआरपी मात्र तोच आहे, म्हणजे टॉवरवर गर्दी आहे. आडगावचा टॉवर मोजक्या लोकांसाठी उभारलेला असतो; सुट्टीच्या दिवशी तिथे पाचपट फोन येतात. यावर फोनमध्ये काही उपाय नाही. मोठ्या फायली पहाटे पाठवा, मीटिंग सकाळी ठेवा, किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमवर जा.

आणीबाणीसाठी एक फोन हॉटस्पॉटपासून पूर्ण वेगळा, निम्म्याहून जास्त चार्ज ठेवून, बंद करून ठेवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी आपत्कालीन क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो; कुणाचाच टॉवर नसेल तर हॉटस्पॉटही नाही आणि कॉलही नाही, तेव्हा कुठे जातोय ते घरी सांगून निघा.

मग डोंगल?

चार दिवसांसाठी नको. बॅटरीवरच्या छोट्या वायफाय राउटरमध्ये बहुधा दोन-तीन हजार एमएएचच बॅटरी असते आणि अँटेना फोनहून फार चांगला नसतो. घरात पडलेला जुना ४जी फोन हे काम तेवढंच करतो: त्याचा रीसेट करा, एकही खातं जोडू नका, डेटाचं सिम घाला, ४जी वर ठेवा आणि टांगा. तो त्या भागातले खालचे बँड पकडतो का एवढं आधी बघा; काही जुन्या फोनांत बँड २८ नसतो. तुमचा रोजचा फोन गार राहतो, हातात राहतो, आणि पावसात भिजला तर जुनाच भिजतो.

पैसे घालायचेच असतील तर बाहेरचा अँटेना जोडायची सॉकेट असलेला राउटर घ्या. फोनला ती सोय नसते. टॉवरच्या दिशेने रोखलेला अँटेना चांगला बसला तर दहाच्या आसपास डीबी मिळतात, मात्र पातळ केबल पाच मीटरहून लांब घेतली तर त्यातले बरेच केबलमध्येच जातात. एकाच जागी महिनोन्‌महिने राहणाऱ्यांना हे परवडतं.